तेराव्या वाढदिवसाचं गिफ्ट आणि त्यासाठी मारलेल्या दोन महिन्यांच्या चकरा

भाचीचा तेरावा वाढदिवस १७ जानेवारी २०२५ ला झाला आणि तिचं गिफ्ट पूर्णपणे तिच्या हातात पडलं ते १ फेब्रुवारीला. सुरुवात केली होती डिसेंबरच्या पहिल्या रविवारी, म्हणजे बरोबर दोन महिने. एवढं काय गिफ्ट होतं असं वाटेल, पण त्यात महापालिका, आधार केंद्र, पोस्ट आणि एक सुतार असे सगळे येऊन गेले, आणि मधे दोनतीनदा मला वाटलं की सोडून द्यावं, एक घड्याळ घ्यावं आणि मोकळं व्हावं. ज्यांच्या घरात बारा-तेरा वर्षांची मुलगी आहे त्यांच्यासाठी तारखांसकट सगळं लिहितेय, निदान कागदपत्रांचा भाग तरी नक्की उपयोगाला येईल.

घरी आम्ही सहाजण. आई, दादा, वहिनी, भाची, तिचा सहा वर्षांचा भाऊ आणि मी. मी एका युनिफॉर्म शिवणाऱ्या कारखान्यात हिशोब बघते, सोलापुरात युनिफॉर्मचं काम भरपूर, त्यामुळे जून जवळ आला की मला घर दिसत नाही पण डिसेंबर-जानेवारीत थोडी उसंत असते. भाचीला घरात आम्ही चिऊ म्हणतो. तिचं खरं नाव ईश्वरी, आणि ते नाव मीच ठेवलंय, म्हणजे बारशाला पाळण्याशी वाकून तिच्या कानात कुर्र करून मीच सांगितलंय. हे आत्ताच सांगून ठेवते कारण पुढे त्याचा संबंध येतो.

गेल्या वर्षी बाराव्या वाढदिवसाला मी तिला नवी पेठेतून फ्रॉक आणला होता, गुलाबी, जाळीचा, कमरेला मोठा बो असलेला, १,४५० रुपयांचा. तिने तो त्या दिवशी संध्याकाळी घातला, फोटो काढले, मला थॅंक्यू म्हणाली आणि नंतर तो परत कधी अंगावर दिसला नाही. दिवाळीत कपाट आवरताना तो तळाशी घडी करून ठेवलेला सापडला, नीट इस्त्रीची घडी, किंमतीचं लेबल आतल्या शिवणीला तसंच. मला वाईट वाटलं ते पैशांचं नाही. नऊ वर्षांची असती तर ती त्या फ्रॉकमधे नाचली असती, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. मी नऊ वर्षांच्या चिऊसाठी फ्रॉक आणला होता आणि घरात बारा वर्षांची चिऊ राहत होती.

म्हणून यावेळी १ डिसेंबरलाच सरळ विचारलं, वाढदिवसाला काय पाहिजे गं. ती म्हणाली, "काय नको की." मी म्हटलं सांग की, बजेट दोन हजार आहे. "काय नको आत्या, असू दे." या वयात "काय नको" म्हणजे खरंच काही नको असं नसतं. मला आपलं हे पंधरा दिवस बघून कळलं. पाहिजे ते मागितलं तर मिळणार नाही किंवा त्यावर घरात चर्चा होईल, आजी काहीतरी म्हणेल, वहिनी अभ्यासाचं काढेल, त्यापेक्षा काही नको म्हटलेलं सोपं. त्यामुळे पहिली गोष्ट अशी की विचारा जरूर पण एकदाच विचारा, आणि नंतर गप बसून बघत राहा.

८ डिसेंबर, रविवार. नवी पेठेत गेले, एकटीच. तीन तास फिरले. तेरा वर्षांच्या मुलीसाठी बाजारात जागाच नाही हे मला त्या दिवशी कळलं. दुकानदार विचारतो मुलगी कितीची आहे, तेरा सांगितलं की तो एकतर टेडीकडे हात करतो नाहीतर लेडीज पर्सकडे. मधलं काहीच नाही. मेकअपचे सेट दाखवले, ३५० पासून होते पण उघडून वास घेतला तर रंगाचा वास येत होता, ते काय तिच्या चेहऱ्याला लावायचं. घड्याळं बरी होती, ७०० ते १,२०० मधे चांगलं मिळत होतं. कानातले बघितले. एक वही-पेनांचा सेट घेता घेता थांबले. चौपाडाजवळ चहा प्यायले आणि रिकाम्या हाताने रिक्षा केली. आई म्हणाली तीन तासांत साधा रुमालपण आणला नाहीस.

त्या आठवड्यात घरात यावर बोलणं झालंच. दादा म्हणाला तिला फोन पाहिजे असणार, दुसरं काय. ते खरंही असेल. पण फोन हा एका वाढदिवसाचा विषय नाही, तेरा पूर्ण झाली की व्हॉट्सॲप वापरायला त्यांच्या नियमाने चालतं एवढ्यावर फोन देऊन मोकळं होता येत नाही, तो कुणी बघायचा, किती वेळ, रात्री कुठे ठेवायचा हे सगळं आईबापांनी आधी ठरवायचं आणि आत्याने त्यात परस्पर उडी मारायची नाही असं माझं स्पष्ट मत आहे. वहिनीचं म्हणणं होतं की तिला पॅड ठेवायला एक छान पाऊच, टॉवेल, आतले नवे कपडे असं सगळं मिळून एक बॉक्स करूया. कल्पना प्रेमाची होती. पण मी म्हटलं वहिनी, ते तिला लागणारच आहे, ते उद्याच आणून तिच्या कप्प्यात गुपचूप ठेव, त्याला चमकीचा कागद लावून केक कापल्यावर सगळ्यांसमोर देऊ नको. जे घेऊन द्यायलाच पाहिजे ते गिफ्ट म्हणून देऊ नये, मग ते शाळेचे बूट असोत नाहीतर हे. वहिनीला पटलं. तिने दुसऱ्याच दिवशी आणून ठेवलं आणि चिऊनेही काही न बोलता जागेवर लावून टाकलं.

आता बघत राहण्याचं सांगते. मला दोन गोष्टी दिसल्या.

पहिली म्हणजे तिचा डबा. बिस्किटाचा पत्र्याचा डबा आहे, आजीच्या पलंगाखाली सगळ्यात आत भिंतीला लावून ठेवलेला. चिऊ आणि आई एकाच खोलीत झोपतात. तिचा भाऊ त्या डब्याच्या मागे असतो, दिवसातून एकदा तरी तो बाहेर ओढतो आणि मग आरडाओरडा. आई म्हणते लहान आहे तो, बघू दे की, काय सोनं आहे त्यात. चिऊ डबा घेते, झाकण दाबते आणि परत आत सरकवते. पोटावर झोपून, हात खांद्यापर्यंत पलंगाखाली घालून. हे ती रोज करते आणि आम्ही कुणी आजवर त्याकडे बघितलंच नव्हतं.

दुसरी गोष्ट तिच्या वहीची. मी तिचं गणित तपासत होते आणि वही मागून उघडली गेली. शेवटच्या पानांवर तिने स्वतःचं नाव लिहिलेलं होतं. ईश्वरी, ईश्वरी, ईश्वरी. मराठीत, इंग्रजीत, तिरकं, गोल अक्षरात, री ची वेलांटी पार ओळीवर नेऊन फुलासारखी केलेली, खाली रेघ मारलेली, रेघेवर दोन टिंबं. सह्या करून बघत होती. चार पानं भरली होती. मी वही मिटली आणि काही बोलले नाही.

आणि या दोन्हींच्या आधीची एक गोष्ट होती जी माझ्या मनात सलत होती. मागच्या वाढदिवसाला तिला पाकिटं मिळाली होती, मामाकडून, मावशीकडून, शेजारच्या काकूंकडून, मिळून २,३०० रुपये. ते वहिनीने "ठेवते गं" म्हणून घेतले आणि त्या महिन्यात घरात लागले. यात कुणाचं वाईट मन नव्हतं, आमच्या घरात असंच चालतं, माझ्या लहानपणी माझी पाकिटंही अशीच गेली. पण दिवाळीत चिऊने एकदा विचारलं, "माझे पैसे कुठंयत?" आणि आम्ही सगळे हसलो. ती हसली नव्हती.

तेव्हा ठरलं की तिला तिच्या नावाचं खातं काढून द्यायचं आणि त्यात ते २,३०० परत भरायचे. दादाला सांगितलं, तो लगेच म्हणाला पैसे मी देतो.

११ डिसेंबर, बुधवार. कारखान्यातून तासाभराची सुट्टी घेऊन पोस्टात गेले. खरं तर मी सुकन्या समृद्धीचं विचारायला गेले होते, व्याज ८.२ टक्के आहे म्हणून. काउंटरवरच्या मॅडमनी वय विचारलं आणि म्हणाल्या, ते खातं मुलीला दहा वर्षं पूर्ण व्हायच्या आतच उघडावं लागतं. ही योजना जानेवारी २०१५ मधे आली तेव्हा आमची चिऊ तीन वर्षांची होती, म्हणजे सात वर्षं आमच्या हातात होती आणि आमच्या कुणाच्या डोक्यात आलं नाही. तुमची मुलगी दहाच्या आत असेल तर हे वाचून झाल्यावर तेवढं एक काम करा, वर्षाला २५० रुपये भरले तरी खातं चालू राहतं.

पण त्याच मॅडमनी पुढचं सांगितलं ते मला माहीत नव्हतं. दहा वर्षांवरच्या मुलाला पोस्टात साधं बचत खातं स्वतःच्या नावावर उघडता येतं, स्वतःच्या सहीने. ५०० रुपयांत उघडतं, व्याज वर्षाला ४ टक्के. अठरा पूर्ण झाल्यावर परत केवायसी करून खातं मोठ्यांच्या खात्यात बदलून घ्यावं लागतं. (बॅंकांनाही रिझर्व्ह बॅंकेने एप्रिल २०२५ मधे दहा वर्षांवरच्या मुलांना स्वतः खातं उघडून चालवू द्यायची मुभा दिलीय, पण ते आमचं झाल्यानंतर.) स्वतःच्या सहीने हे ऐकलं आणि मला ती वहीची शेवटची पानं आठवली. फॉर्म घेतला. मुलीचं आधार, जन्माचा दाखला, फोटो, पालकांचं आधार आणि पॅन, एवढं आणा म्हणाल्या.

रात्री दादाची फाईल काढली. जन्माचा दाखला सापडला, प्लास्टिकच्या पिशवीत, चार घड्या घातलेला. जन्मतारीख १७ जानेवारी २०१२ बरोबर. आईचं नाव, वडिलांचं नाव बरोबर. आणि बाळाचं नाव या रकान्यात काहीच नाही. कोरी जागा, नुसती रेघ.

मी तो कागद तीन वेळा बघितला. उलटा करूनही बघितला.

यात चूक कुणाची नसते हे मला नंतर कळलं. जन्म झाला की दवाखान्यातून २१ दिवसांच्या आत नोंद जाते आणि आपल्याकडे तर बारसं बाराव्या दिवशी, कधी त्याहून उशिरा, त्यामुळे नाव ठरायच्या आधीच नोंद झालेली असते. नाव नंतर जाऊन घालायचं असतं. पहिल्या १२ महिन्यांत फी लागत नाही, त्यानंतर थोडी लेट फी भरून नोंदणीच्या तारखेपासून १५ वर्षांपर्यंत नाव घालता येतं. आम्ही ते घातलंच नाही. शाळेत बालवाडीपासून नाव चालू होतं, आधार निघालं, कुणी अडवलं नाही, आणि तेरा वर्षं गेली. चिऊच्या बाबतीत जानेवारी २०२७ पर्यंत मुदत होती, म्हणजे अजून दोन वर्षं काढली असती तर पुढे दहावी-बारावी, पासपोर्ट, कॉलेज यात तिला किती नाचावं लागलं असतं कुणास ठाऊक. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलांना तर आता शाळा, लायसन, मतदार यादी सगळीकडे जन्माचा दाखलाच लागणार आहे. घरातले दाखले आज काढून बघा, एवढीच विनंती. नावाच्या जागी नाव आहे का, आणि स्पेलिंग काय आहे.

मला मात्र त्या रात्री झोप आली नाही. कुणी गोविंद घ्या कुणी गोपाळ घ्या म्हणून तिला पाळण्याखालून फिरवलं, मी तिच्या कानात नाव सांगितलं, घुगऱ्या वाटल्या, एवढं सगळं केलं आणि ते नाव कागदावर गेलंच नाही.

१३ डिसेंबर, शुक्रवार. महापालिकेत जन्म-मृत्यू नोंदणी विभागात दादाला घेऊन गेले. अर्ज आईने किंवा वडिलांनीच करायचा असतो त्यामुळे आत्याने एकटीने जाऊन उपयोग नाही, हे आधी लक्षात घ्या. तिथल्या बाबूंनी जुना दाखला बघून नोंदणी क्रमांक रजिस्टरला जुळवला आणि कागदं सांगितली. आम्हाला लागलेली कागदं: नाव नोंदवण्याचा अर्ज, मूळ दाखला, मुलीचं शाळेचं बोनाफाईड, आईवडिलांचं आधार, आणि हेच नाव आहे असं आईवडिलांच्या सहीचं स्वयंघोषणापत्र. प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स करून ठेवा, एक जोड तुमच्याकडे राहू द्या.

मग त्यांनी विचारलं, इंग्रजी स्पेलिंग काय घालायचं ते आत्ताच नक्की करून या, एकदा नोंद झाली की नाव मनासारखं बदलता येत नाही, लिहिण्यातली चूक असेल तरच पुरावा घेऊन दुरुस्ती होते. आणि इथेच दुसरी अडचण. शाळेत तिचं नाव आय पासून, आधारवर ई पासून. आधार काढायला आई गेली होती आणि तिने ईश्वरी मधला ई म्हणून सांगितलं असणार. दादा म्हणाला आधारप्रमाणे घाल, ते बदलायची कटकट नको, लगेच खातं पण होईल. मला ते पटत होतं. वाढदिवस महिन्यावर आला होता.

१४ तारखेला संध्याकाळी चिऊ भांडी पुसत होती, मी सहज विचारल्यासारखं विचारलं, तुझं नाव इंग्रजीत तू कसं लिहितेस. ती म्हणाली आय. म्हटलं ई का नाही. तिने हातातलं ताट खाली ठेवलं आणि ओट्यावरच्या पाण्यात बोटाने लिहून दाखवलं. म्हणाली, "ई ला मधे दांडी येते आत्या, सही करताना हात अडतो. आय एका झटक्यात होतो." आणि मग, "का गं?" काही नाही म्हटलं.

आय घालायचं ठरलं. त्याचा अर्थ असा की आधी दाखला मिळणार, मग त्या दाखल्यावरून आधारमधे नाव दुरुस्त होणार, मग पोस्ट. म्हणजे १७ जानेवारीला पासबुक काही होत नाही. दादा थोडा चिडला, एका अक्षरासाठी महिना. मी म्हटलं महिना आपला जाईल, अक्षर तिच्याकडे जन्मभर राहणार आहे.

शाळेतून बोनाफाईड मिळायला दोन दिवस गेले. त्यावरचं स्पेलिंग तिथेच उभं राहून तपासलं. १८ डिसेंबरला अर्ज दिला, फी भरली, ती अगदी किरकोळ होती, आमचा रिक्षा आणि झेरॉक्सचाच खर्च जास्त, सगळं मिळून साधारण ४०० रुपये. अर्ज देण्याआधी एकदा वाचून घेतला ते बरं झालं, कारण मी स्वतः घाईत मराठीत ह्रस्व इ काढली होती. नाव ठेवणारी मी आणि ह्रस्व काढणारीही मीच. तिथेच दुसरा अर्ज घेऊन परत लिहिला. पोच पावती घ्या आणि तिचा फोटो मोबाईलमधे काढून ठेवा, पुढच्या वेळी नंबर सांगितला की काम पटकन होतं.

साधारण पंधरा दिवस सांगितले होते. मधे नाताळ, नवीन वर्ष. ३ जानेवारी, शुक्रवारी दाखला मिळाला. बाळाचं नाव, ईश्वरी. दीर्घ ई, खाली इंग्रजीत आय. मी बाहेर येऊन पायरीवर बसले आणि वाचला. तिथेच तीन कॉपी जास्तीच्या मागून घेतल्या, त्याचे पैसे वेगळे पडतात पण घ्याच. मूळ कॉपी लॅमिनेट मात्र करू नका, पुढे कुठे शिक्का मारायचा झाला तर पंचाईत होते.

६ जानेवारीला आधार केंद्र. इथे मुलीला न्यावंच लागतं, त्यामुळे सरप्राईज वगैरे राहत नाही. तिला सांगितलं की आधारवर तुझं स्पेलिंग चुकलंय ते नीट करायचंय. नाव आधारवर आयुष्यात दोनदाच बदलता येतं हे तिथे कळलं, म्हणजे आमची एक संधी इथे गेली. लहान मुलांना जन्माचा दाखला पुरावा म्हणून चालतो. तेव्हा ५० रुपये लागले. स्लिपवर एक नंबर असतो त्याने ऑनलाईन बघता येतं कुठपर्यंत आलंय. घरी येताना तिने ती स्लिप स्वतःकडे मागून घेतली आणि नंतर रोज रात्री माझ्या फोनवर बघत होती झालं का झालं का.

आता वाढदिवसाला काय द्यायचं हा प्रश्न तसाच होता. पासबुक नव्हतं. आणि मला पत्र्याचा डबा दिसत होता.

आमच्याकडे माझ्या वडिलांचं एक टेबल आहे. वडील मिलमधे होते, मिल बंद पडल्यावर त्यांनी घरी बसून विमा एजंटचं काम केलं ते या टेबलावर. त्याला एक ड्रॉवर आहे, त्याचं कुलूप केव्हाचंच गेलेलं, त्यात स्क्रू, जुने सेल, लाईटबिलं असलं काहीबाही होतं. १२ जानेवारी रविवार होता, चिऊ शाळेच्या कार्यक्रमाला गेली होती, हुतात्मा दिन असतो आपल्याकडे, चार हुतात्म्यांना १९३१ ला याच तारखेला फाशी झाली ना, तर मुलं अभिवादनाला जातात. घर मोकळं बघून सुताराला बोलावलं. त्याने जुनी खाच साफ केली, नवं कुलूप बसवलं. कुलूप १८० रुपये, मजुरी २००. ड्रॉवर उघडताना चिरकायचा, त्याने बाजूच्या पट्ट्यांना मेणबत्ती घासली, आता एका बोटाने सरकतो. मी आत कागद बदलला. दोन चाव्या होत्या. आई म्हणाली एक माझ्याकडे दे, हरवली तर. वहिनीही तेच म्हणाली, मोठी होत चालली आहे, आईकडे एक असावी. मला हे बोलणं कठीण गेलं, कारण वहिनी तिची आई आहे आणि मी आत्या. पण मी म्हटलं वहिनी, एक चावी आपल्याकडे राहिली तर मग कुलूप कशाला बसवलं, डबाच बरा होता. तिच्यावर लक्ष ठेवायचं ते तिच्याशी बोलून ठेवूया. वहिनी बराच वेळ काही बोलली नाही. मग तिनेच तिच्या शिवणाच्या डब्यातून लाल गोंडा काढला आणि दोन्ही चाव्या त्यात ओवल्या.

१३, १४ ला नंदीध्वजांची, म्हणजे उंच मानाच्या काठ्यांची, मिरवणूक, सिद्धेश्वरांचा अक्षता सोहळा, होम, सगळं सोलापूर रस्त्यावर. आमच्या घरात त्या दिवसांत वाढदिवसाचं नाव कुणी काढत नाही, दरवर्षीच असं होतं, तिचा वाढदिवस गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वरांच्या यात्रेच्या, गर्दीत येतो. लहान होती तेव्हा तिला वाटायचं सातही नंदीध्वज तिच्यासाठीच काढलेत.

१७ तारखेला संध्याकाळी घरीच केक, तीन मैत्रिणी, वहिनीने पुलाव केला. पाकिटं आली. यावेळी वहिनीने हात पुढे केला नाही. मी तिला एक मोठं पाकीट दिलं, तिला वाटलं पैसे आहेत. आत जन्माचा दाखला होता आणि चाव्या. तिने आधी चाव्या बघितल्या, मग कागद उघडला. वरून खाली वाचत गेली आणि नावापाशी थांबली. मी तिला जुना कोरा दाखलाही दाखवला, सगळं सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे आतापर्यंत मी यात नव्हते?" होतीस की, म्हटलं, तारीख तुझीच होती, फक्त नाव नव्हतं. मैत्रिणींना हे काय गिफ्ट आहे ते कळलं नाही, त्या केक खात होत्या. चिऊने दाखला परत पाकिटात घातला, अगदी हळू, घडी न मोडता. ड्रॉवर कुठला ते सांगितल्यावर ती उठून गेली आणि बराच वेळ आली नाही. रात्री पलंगाखाली झाडताना आईला डबा सापडला, रिकामा. भावाला देऊन टाकला होता तिने, त्यात आता त्याच्या गोट्या असतात.

दुसऱ्या दिवशी होम मैदानावर गड्ड्यात गेलो, तिने पाकिटातल्या पैशांतून भावाला पाळण्यात बसवलं. स्वतः काही घेतलं नाही. हिशोब मात्र पाठ होता, १,८०० आले त्यातले १२० गेले.

आधारचा मेसेज २७ जानेवारीला आला. प्रिंट काढली. आणि १ फेब्रुवारी, शनिवार, तिची शाळा सकाळची होती, तिथूनच मी आणि दादा तिला घेऊन थेट पोस्टात गेलो, युनिफॉर्मवरच. फोटो दोन लागले, पण आठ काढून ठेवलेले बरे. दादाची कागदं पण जवळ ठेवली होती. फॉर्म तिने स्वतः भरला, काळ्या पेनाने, जन्मतारखेच्या चौकटीत एकेक आकडा दाबून. मागे पाच-सहा माणसं उभी होती, कुणी घाई केली नाही. भरायचे पैसे तिने मोजले. दादाने दिलेले २,३०० आणि तिचे १,६८०, एकूण ३,९८०.

सही करायच्या आधी तिने पेन उचललं आणि हवेत एकदा करून बघितली. मग केली. आय एका झटक्यात, मागे नाव, खाली रेघ, रेघेवर दोन टिंबं. मॅडम म्हणाल्या, बाळ, अशीच सही कायम करावी लागेल हं, टिंबांसकट. ती म्हणाली हो.

मग त्यांनी कॉम्प्युटरकडे बघत विचारलं, पूर्ण नाव सांगा. मी सवयीने तोंड उघडलं होतं. माझ्या आधी तिनेच सांगितलं, खणखणीत, आणि स्पेलिंगसुद्धा.